श्रद्धा नसलेला उंदीर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर माझे वडील, आमचे अण्णा, सुईत दोरा ओवत होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, पण कंपवातानं चहाचा कपही तोंडापर्यंत जाईना. आणि महाराजांनी दिलेली राखेची पुडी पाण्यातून घेतल्यावर घटकाभरात दोरा पहिल्याच फटक्यात पार! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"डॉक्टरची गोळी पोटात जाते," स्थिरमहाराज गरजले. "माझी राख थेट विश्वासात जाते! शंका घेतलीत, की संपलात!"

विश्वासात जाणारी राख तोंडातूनच का घ्यावी लागते, हे कुणीही विचारलं नाही.

अण्णांनी घरी येऊन गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मी भांडले, रडले. "हात बघ माझे," एवढंच ते म्हणाले. पुढे एकदा त्यांनी महाराजांना सहज विचारलं, "राखेत असतं तरी काय?" झालं! पुड्या बंद. गोळ्या पुन्हा सुरू होईपर्यंत अण्णांचं अंग लाकडासारखं ताठलं, न्हाणीघरात पडून खुबा मोडला. आणि त्याच मंचावरून महाराज म्हणाले, "पाहा, शंकेचं फळ!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला मी सोडणार नव्हते.

मी प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. मेंदूच्या पेशींत बिघडलेली प्रथिनं मोडीत काढणारी यंत्रणा असते, आपल्या भंगारवाल्यासारखी. ती बंद पडली की कचरा साठतो, पेशी मरतात आणि हालचाल सांभाळणारं डोपामिन नावाचं रसायन आटतं. आमच्या उंदरांत आम्ही मेंदूच्या एकाच बाजूची यंत्रणा औषध टोचून बंद पाडतो. अशा एकांगी उंदराला कंपवाताची गोळी दिली, की तो एकाच दिशेनं गोल गोल फिरत सुटतो.

अण्णांच्या उशाखाली प्रसाद म्हणून जपलेली एक पुडी उरली होती. ती मी एका उंदराला पाजली. उंदीर भोवऱ्यासारखा फिरू लागला. आमच्या प्रमुख बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पिंजरे मी उचलते. चल."

पुढच्या सभेत महाराज भलतेच रंगात होते. "माझी राख मुक्या जीवालाही लागू पडते!"

"मग पाडा की," म्हणत मी दोन पिंजरे मंचावर ठेवले. शब्द तोंडातून गेला होता, आता महाराज नाही कसं म्हणणार? पहिल्या रांगेतल्या आजींनी आपली नवी पुडी दिली. ती बाईंनी एका उंदराला पाजली, दुसऱ्याला उदबत्तीची राख. जरा वेळ गेला आणि पुडीवाला फिरू लागला. दुसरा मिशा साफ करत बसला.

"चमत्कार!" लोक ओरडले. महाराजांनी लगेच हात वर केला. "उंदरालाही माझी शक्ती कळली!"

मी सगळ्यांसमोर औषधाच्या दुकानातली कंपवाताची गोळी कुटली आणि दुसऱ्या उंदराला पाजली. पुन्हा थांबलो. तोही तसाच, त्याच दिशेनं फिरू लागला.

"ही कोणाची शक्ती, महाराज?" मी विचारलं. "औषध कंपनीची? तुम्ही राखेत गोळ्याच कुटून घालता. आणि विश्वासाचं म्हणाल, तर या उंदराचा तुमच्यावर कधी बसला?"

आधी आजी हसल्या, मग सगळं सभागृह. महाराज मला पापीण म्हणाले, बाईंना चेटकीण म्हणाले. तेवढ्यात मी सोबत आणलेल्या अण्णांचा चाकांच्या खुर्चीतून बारीक आवाज आला.

"म्हणजे राखेत माझीच गोळी होती?"

हशा थांबला.

"ती बंद केली की मी ताठणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी फक्त एक प्रश्न विचारला होता हो."

महाराज मागच्या दाराकडे वळले, तर तिथे पोलीस. मीच बोलावले होते. जाताना त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, ते हात चांगलेच थरथरत होते. मला दया आली नाही. अण्णांचा खुबा आता पहिल्यासारखा होणार नाही.

म्हणून सांगते, औषध देणाऱ्याला बेधडक विचारा, यात काय आहे? सांगेल त्याचं ऐका. प्रश्नाबद्दल शिक्षा देईल, त्याच्यापुढून उठून चालू लागा, पाय चालताहेत तोवर.