पक्षकाराची खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. रस्त्याकडेच्या एका खोलीत, खिडकीशी माझी जागा आहे. मित्रांनो, आज जरा निवांतपणा आहे, म्हणून तुमच्याशी चार गोष्टी बोलते.

माझे हातपाय सागवानाचे. सुताराने मला घडवले, तेव्हा बसकणीला आणि पाठीला वेताची बारीक जाळी विणली होती. वारा आरपार जायचा. वाटले होते, एखाद्या भरल्या घरात पडेन, मुले अंगाखांद्यावर खेळतील. पण नशिबी आले वकिलाचे ऑफिस.

टेबलाच्या पलीकडे मोठ्या चामडी खुर्चीत वकीलसाहेब बसत, अलीकडे मी. माझ्यावर बसायचे ते पक्षकार. ते बसकणीच्या अगदी कडेला टेकत आणि माझे हात घट्ट धरून ठेवत. त्या घामेजल्या तळव्यांनी माझे पॉलिश पार उडाले. तरीही तो काळ आठवला की बरे वाटते. जुन्या कागदांचा वास, फितीने बांधलेले गठ्ठे, खुंटीवरचा काळा कोट, आणि वकीलसाहेबांचा तो आवाज, "घाबरू नका, मी आहे ना." एवढे ऐकले की माझ्या हातांवरची पकड सैल व्हायची.

पुढे त्यांची मुलगी वकील झाली. तिला सगळे ताई म्हणत. दारावरच्या पाटीवर बापाच्या नावाखाली लेकीचे नाव लागले, तेव्हा वकीलसाहेब रस्त्यापलीकडे जाऊन ती पाटी किती लांबून वाचता येते ते बघून आले. ताई हुशार. तिच्या युक्तिवादात मुंगीलाही शिरायला वाट सापडत नसे. नाव झाले, वकीलसाहेब निवृत्त झाले, मोठी खुर्ची तिच्याकडे आली, तिचेही केस पिकले. पण संध्याकाळी सगळे गेले की ती कधीकधी पलीकडची खुर्ची सोडून माझ्यावर येऊन बसे. आणि मला कळे, हीसुद्धा पक्षकारांसारखी कडेलाच टेकली आहे.

एके दिवशी एका जाडजूड गृहस्थासकट माझी बसकण खाली गेली. गृहस्थ चौकटीत असे अडकले की ताईला आणि कारकुनाला मिळून त्यांना ओढावे लागले.

"ताई, हे विरुद्ध पार्टीला कळू देऊ नका," एवढेच ते म्हणाले.

मला विणायला एक मावशी आल्या. वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालून त्या व्हरांड्यात बसल्या. ताई सहज बघायला आली आणि शेजारीच बसून राहिली.

"कोर्ट नाही का आज?" मावशींनी विचारले.

"आहे. पण पुढची तारीखच मिळायची." थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मावशी, तुमचं काम संध्याकाळी पुरं होईल. माझ्या हातचं पुरं व्हायला वर्षं जातात. आणि झालं तरी एक जण रडतच घरी जातो."

"मग धरा हे टोक," मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापासून ताई रोज पहाटे नेमाने मावशींकडे जाऊ लागली. हात सरावल्यावर तिने माझीच बसकण उसवून पुन्हा विणली. केवढी घट्ट! दुपारी वेत वाळला आणि ताड ताड तुटला. मावशी पदराआड हसल्या. "ताई, ही काय उलटतपासणी आहे? ओला वेत सैल विणायचा. वाळताना तो आपला आपण आवळतो." ताईने मला पुन्हा विणले, या वेळी सैल.

ताईने वकिली सोडायचे ठरवले. वकीलसाहेब माझ्यासमोरच ताडकन उभे राहिले.

"खुर्च्या विणणार? मी लोकांना काय सांगू?"

"सांगा, मुलीनं काम बदललं."

"या वयात?"

"या वयातच कळलं, बाबा."

"एकदा गेलेला पक्षकार परत येत नाही, एवढं लक्षात ठेव." असे म्हणून ते वर राहत्या घरी निघून गेले. त्यानंतर ते मागच्या जिन्याने ये-जा करू लागले. ऑफिसच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकले नाही. जेवताना बापलेकीचे बोलणे मिठापुरते उरले.

खोलीत आता लाकडाचा आणि ओल्या वेताचा वास भरला. कामे हळूहळू येऊ लागली. ताईच्या बोटांना चिरा पडत, पण ती गुणगुणत असे. मात्र जिन्यावर पावले वाजली की तिचे हात थांबत. बाबांनी एकदा या खोलीत यावे, एवढेच तिचे मागणे होते. पावले पुढे जात.

मग एक काकू हमालाकडून खुर्ची उचलवून घेऊन आल्या. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. तेही वकील, साऱ्या हयातीत वकीलसाहेबांच्या विरुद्ध उभे राहिलेले. त्यांना आमच्या घरी 'तोफखाना' म्हणत.

"यांची खुर्ची. फाटली, पण टाकवत नाही," काकू म्हणाल्या. "विणून दे. पण बाई, त्यांच्या बसण्याने पडलेला तो खळगा जाईल का गं?"

ताई वाकून फाटलेली जाळी चाचपू लागली. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "डावी बाजू बघ. तिथं जास्त घासली असेल."

दारात वकीलसाहेब उभे होते. ते आत आले आणि वाकून त्या खुर्चीवरून हात फिरवला. "हा उजवीकडे कधी बसलाच नाही. अस्सा बसायचा." बोलता बोलता ते माझ्यावर बसले, डावीकडे कलंडले, एक हात कानामागे नेला आणि भुवई चढवली.

"अगदी असेच," काकू हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"डावीकडची जाळी दुहेरी घेता येईल का?" वकीलसाहेबांनी विचारले.

"येईल, बाबा."

सगळी दुपार ते माझ्यावर बसून लेकीचे हात बघत राहिले. एकदाही त्यांनी हरकत घेतली नाही. वेत पक्का धरणारी शेवटची खुंटी ठोकली गेली, तेव्हा उठता उठता म्हणाले, "उद्या किती वाजता उघडतेस?"

"चहा झाला की लगेच."

"मग मीही येत जातो. वर बसून तरी काय करतोय."

मित्रांनो, वेताच्या खुर्चीवर उभे राहून माळ्यावरचे सामान काढू नका. तिला कडक उन्हात टाकू नका, अधूनमधून ओल्या फडक्याने खालून पुसा, ती तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि तुमच्या घरातले कोणी अर्ध्या वाटेवर नवे काम हाती घेऊन बसले, तर आल्या आल्या खुलासा मागू नका. एखादी खुर्ची ओढून थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.