डावीकडची सीट

शुक्रवारी सकाळी सुधन्वा चौगुलेच्या घरातल्या सगळ्या दारांच्या मुठी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी तांबड्या कापडाच्या पट्ट्या आल्या होत्या. न्हाणीघराच्या दाराला पट्टी, देवघराला पट्टी, फ्रिजलाही पट्टी. सुधन्वानं न्हाणीघराची पट्टी ओढली. दार एरवीपेक्षा सहज उघडलं. त्यानं तोंड धुतलं आणि चहाला येऊन बसला.

"पट्ट्या बऱ्या दिसत्यात," कुमुदिनी कप पुढे करत म्हणाली. "पण मुठींना काय झालं होतं?"

"वजन वाचतं."

"किती?"

"दारामागं दोनशे ग्रॅम."

हा आकडा त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्या दिवशी त्यानंच तो लिहिला होता.

झालं होतं ते असं. गुरुवारी दुपारी पुण्याच्या शोरूममधून आगाशे नावाचा माणूस कोल्हापुरात आला होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, हातात कागदाची लांब गुंडाळी. तीन वर्षांपूर्वी सुधन्वाला नारिंगी गाडी यानंच दिली होती. गाडी अशी की उभी असतानाही पळतेय असं वाटावं. पण पळवायची कुठं? पन्हाळ्याच्या रस्त्याला गतिरोधक आला की तिचं पोट घासायचं, आणि तो आवाज सुधन्वाच्या दातांत जायचा. रविवारी सकाळी हायवेला अर्धा तास आणि परत घर, एवढंच तिचं चालणं. बाकी सहा दिवस ती गॅरेजमध्ये कापडाखाली झोपलेली असायची. आता कंपनीनं त्याच गाडीची ट्रॅकवर पळवायची जात काढली होती. इंजिन तेच, अंग तेच, फक्त नको ते सगळं काढून टाकलेलं. ती एकशे बारा किलोंनी हलकी होती, आणि काढून टाकल्याबद्दल कंपनी वर जादा पैसे घेत होती, हे तर आलंच.

"घ्यायची की नाही ते खंडेनवमीपर्यंत कळवा," आगाशे म्हणाला होता. "आत्ता फक्त ड्रॉइंग बघून ठेवा."

बघून ठेवा, एवढंच तो म्हणाला होता. पण सुधन्वाचं सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलेलं. ओतीव कामाच्या माणसापुढं ड्रॉइंग आलं की त्याला ते नुसतं बघताच येत नाही. इथं धातू जास्त आहे, हा कोपरा उगाच जाड ठेवलाय, याच्यावर कसलाच भार येत नाही तर हे हवंच कशाला, असं बडबडत तो पेन्सिल चालवतोच. वडिलांनी त्याला शिकवलं होतं की ज्याच्यावर काही टेकलेलं नाही ते काढायचं. चहा निवेपर्यंत त्यानं सात खुणा केल्या. मुठी. सतरंज्या. आवाज अडवणारं अस्तर. काचा. गारव्याचं यंत्र. गाणी. आणि डावीकडची सीट.

"छान," आगाशे म्हणाला आणि कागद गुंडाळून घेऊन गेला. एक प्रत सुधन्वाकडे राहिली.

शनिवारी घरातलं मऊ तेवढं गेलं. सतरंज्या, गाद्या, सोफ्याच्या उशा, कुमुदिनीच्या चपलांतले तळवेसुद्धा. दोघं लाकडी फळीवर झोपली. सुधन्वाला वाटलं होतं की पाठ दुखेल, पण पाठ आधीपासूनच इतकी दुखत होती की फरक पडला नाही. खरं सांगायचं तर तो फार थकला होता. अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि सकाळी उठल्यावर पहिला विचार परत झोपायचा यायचा. भट्टी, कामगार, ऑर्डरी, जेवणावळी, दोन्ही बाजूंचे नातेवाईक, त्यांची लग्नं, त्या लग्नांतले फेटे. आपल्या अंगावरून कुणी तरी सगळं उतरवून घ्यावं असं त्याला वाटे. नारिंगी गाडी आणली तेव्हा वाटलं होतं की हिच्यात बसलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. मग कदाचित तिच्यातच काही तरी जास्त असेल, असा त्याचा हिशेब होता.

"अजून एक घेऊन काय करणार?" फळीवर पडल्या पडल्या कुमुदिनीनं विचारलं. तिनं भांडून विचारलं नव्हतं. तीस वर्षांत ती भांडूनही दमली होती.

"ही वेगळी हाय."

"मग घ्या. पण तिच्यात मी कुठं बसायचं?"

सुधन्वानं डोळे मिटून घेतले. नारिंगी गाडीत ती डावीकडं बसायची आणि पट्टा लावायची नाही. साडी चुरगळते म्हणायची. मग गाडी टिंग टिंग करत राहायची, बसस्टँडपासून शिरोलीपर्यंत, आणि सुधन्वा वैतागून म्हणायचा, "लाव की गं तो पट्टा, डोकं उठलं." ती म्हणायची, "वाजू दे. मी हाय एवढं तरी तिला कळतंय." दर रविवारी हेच.

रविवारी अस्तर गेलं. भिंती होत्या तिथंच होत्या, पण त्यांच्यात आवाज अडत नव्हता. भिजत घातलेले तांदूळ फुगताना ऐकू येत होते. तीन मैलांवरच्या फाउंड्रीत केरबा मिस्त्री कास्टिंगवर हातोडी मारून बघत होता, तेही ऐकू येत होतं. केरबाचं कामच ते. रविवार असो की सण, तो एक फेरी मारून जाणारच. हातोडी मारली आणि माल खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा. चाळीस वर्षांत त्याचा कान चुकला नव्हता.

"तुम्ही मनातल्या मनात बोलताय ते ऐकू येतंय," कुमुदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काय बोलतोय?"

"एकशे बारा, एकशे बारा."

सुधन्वा ओशाळला. त्यानंही कान दिला. तिच्या बांगड्या, तिचा श्वास, गुडघ्याचं कुरकुरणं, आणि तिनं बोलायला घेऊन परत गिळलेलं एक वाक्य. ते गिळलं गेलं तेव्हा विहिरीत खडा पडल्यासारखा आवाज झाला. काय वाक्य होतं ते विचारायचं त्याच्या जिवावर आलं. उद्या विचारू असं त्यानं ठरवलं.

सोमवारी काचा गेल्या आणि त्यांच्या जागी पातळ प्लॅस्टिक आलं, त्यातून बाहेरचा रस्ता पाण्यातून बघितल्यासारखा हलत होता. पंखे नि गारवा त्याच दुपारी गेला. मंगळवारी रेडिओ गेला, आणि कुमुदिनी कणीक मळताना जे गुणगुणायची तेही. ती तोंड हलवत होती. सुधन्वा दारात उभा राहून बघत होता. त्याला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती वाटायलासुद्धा किती कष्ट पडतात याचा त्याला राग आला.

मग त्याच्या ध्यानात आलं की ज्या घरात मुंगी चाललेली ऐकू येते त्या घरात बायकोची पावलं ऐकू येत नाहीत. ती स्वयंपाकघरातून ओसरीवर आली, झोपाळ्यावर बसली. झोपाळ्याच्या कड्या गेली वीस वर्षं कुरकुरत होत्या, त्या कुरकुरल्या नाहीत.

"कुमुद, जरा जोरात बस."

"बसलीय की."

"पाय आपट बघू."

तिनं पाय आपटला. काही झालं नाही. ती आपल्या पायाकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं. "सातवी खूण कसली केलीय तुम्ही?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड उघडायच्या आधीच तिला ते ऐकू गेलं होतं.

त्यानं ड्रॉइंगची प्रत काढली आणि सातवी खूण खोडरबरानं खोडायला घेतली. कागद तिथं पातळ झाला, पलीकडून उजेड दिसायला लागला, पण खूण मागच्या बाजूला उमटली होती. मागून खोडली तेव्हा ती पुढं आली. मग त्यानं आगाशेला फोन लावला.

"मला गाडी नको."

"काही हरकत नाही साहेब," आगाशे म्हणाला. "अनेकजण नको म्हणतात."

"मग आमच्या घरातलं परत करा."

"आम्ही काही नेलेलं नाही."

"मुठी गेल्या, गाद्या गेल्या, काचा..."

"ते तुम्ही काढलंत. आम्ही फक्त कागद ठेवून घेतला."

"ते परत बसवता येत नाही?"

"त्याचे सुटे भाग येत नाहीत साहेब. हलकं करायचं एवढीच सोय आहे."

"सीट अजून गेलेली नाही," सुधन्वा म्हणाला. आपला आवाज गयावया करतोय हे त्यालाच ऐकू येत होतं. "आमच्या नारिंगी गाडीत डावीकडची सीट आहे. मी सकाळीच बघून आलोय. घट्ट आहे."

"सीट आहे ना?" आगाशे म्हणाला. "मग झालं तर. खंडेनवमीच्या शुभेच्छा. वहिनींना नमस्कार सांगा."

खंडेनवमीला चौगुल्यांकडं एक रीत होती. फाउंड्रीतली हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून मांडायची, भट्टीला हार घालायचा, आणि घरातली गाडी तिथं आणून तिचीही पूजा करायची. घरच्या बाईनं मांडीवर नारळ घेऊन डावीकडं बसायचं, गाडीनं आवाराला एक चक्कर मारायची, मग तो नारळ गाडीपुढं फोडायचा. सुधन्वाच्या आईनं ट्रकमध्ये बसून हे केलं होतं, आणि त्याच्या आधी आजीनं बैलगाडीत.

सकाळी नऊला फाउंड्रीच्या आवारात केरबानं गाडीवरचं कापड काढलं, टपावर झेंडूचा हार टाकला, चाकांखाली लिंबं ठेवली. कुमुदिनी हिरवी पैठणी नेसून आली होती. वाऱ्याची झुळूक आली की ती दाराची चौकट धरायची. कामगारांनी वाट करून दिली. सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांकडं होत्या, कारण ओल्या मातीवर तिच्या चपलांचा ठसा उठत नव्हता.

"बस," सुधन्वा म्हणाला. त्यानं स्वतः दार उघडून धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

ती बसली. तो वळसा घालून उजवीकडं येऊन बसला. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, काटे वर गेले, खाली आले. सुधन्वा वाट बघत राहिला. कुमुदिनीनं पट्टा लावलेला नव्हता. गाडी वाजली नाही.

त्यानं इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. गाडी वाजली नाही.

"नीट टेकून बस," तो म्हणाला.

"टेकलीय."

तिनं डोळे पुसले. "मागं एकदा गिळलं होतं ते आता सांगू?" तिनं विचारलं. "मलाही दमायला झालंय हो. पण मी तुमच्याबरोबर दमले होते. एकटं टाकून हलकं व्हायचं माझ्या मनात कधी आलं न्हाई."

सुधन्वा तिच्याकडं वळला. माझं चुकलं म्हणायचं होतं. तेवढ्यात केरबा खिडकीशी आला आणि त्यानं शेंडीचा नारळ आत दिला. कुमुदिनीनं तो दोन्ही हातांनी घेऊन मांडीवर ठेवला.

टिंग, गाडी म्हणाली. टिंग. टिंग. टिंग.

सुधन्वा हसला, मोठ्यांदा, बाहेरचे कामगार बघत असताना. इतका गोड आवाज त्यानं गाडीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "वाजतेय!" तो म्हणाला. "ऐकलंस? वाजतेय!" त्यानं गिअर टाकला आणि आवाराला चक्कर मारली, अगदी हळू, भट्टीजवळून, वाळूच्या ढिगाशेजारून, जुन्या वजनकाट्यावरून. वजनकाट्यावर गाडी आली तेव्हा त्यानं मुद्दाम आकड्याकडं पाहिलं नाही. टिंग टिंग सगळा वेळ चालू होतं.

चक्कर पुरी झाली. केरबानं गाडीपुढं काळा दगड मांडून ठेवला होता. तो खिडकीशी आला आणि त्यानं हात पुढं केला. कुमुदिनीनं मांडीवरचा नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

आवाज थांबला.

सुधन्वानं झडप घालून केरबाच्या हातातून नारळ काढून घेतला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. टिंग, गाडी म्हणाली. त्यानं नारळ थोडा उचलला. गाडी गप्प झाली. पुन्हा टेकवला. टिंग. टिंग.

केरबा ऐकत होता. चाळीस वर्षांचा कान होता त्याचा. त्यानं एकदा वहिनीसाहेबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मालक," तो हळूच म्हणाला, "नारळ फोडायचा न्हवं?"

"फोडू," सुधन्वा म्हणाला. "जरा थांब."

बाहेर कामगार हार, उदबत्त्या हातात घेऊन उभे होते. ऊन वर चढत होतं. सुधन्वानं उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डाव्या हाताचा पंजा नारळावर पसरला आणि सगळा जोर देऊन तो तिच्या मांडीवर दाबून धरला.

"अहो, हात काढा," कुमुदिनी म्हणाली. "लई जड लागतोय."