दोन थडग्यांचं गवत

शरदातल्या सणाआधी घराघरानं आपापल्या थडग्यांवरचं गवत कापायचं, ही आमची रीत. माझा भाऊ म्योंगबे याच्या थडग्यावर मात्र सगळं गाव विळे घेऊन लोटायचं. तो पोलीस होता. जिरीच्या डोंगरात बंडखोरांशी लढता लढता मेला, असं गाव सांगतं. त्याच्या पुण्याईवर मला शाळेत नोकरी मिळाली. ओढ्याकाठी आणखी एक थडगं होतं, एका बेवारस बंडखोराचं. त्याला कुणी विळा लावत नसे.

यंदा ओढ्याकाठून रस्ता निघाला. वारस पुढे आला नाही तर ते थडगं सपाट करणार, असं गावचे मुखिया सांगून गेले. आई त्या दिवशी जेवली नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथं आपला म्योंगबे आहे."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण ती शांतपणे सांगत राहिली. बर्फ वितळल्यावर तो आणि तो बंडखोर शेजारी शेजारी सापडले, चेहरे ओळखण्यापलीकडचे. ज्याच्या अंगात पोलिसाचा कोट तोच म्योंगबे, असं गावानं ठरवून टाकलं. ठरवण्यात आमचं गाव पटाईत. प्रेतं आईनं धुतली. म्योंगबेसाठी तिनं शिवलेले मोजे कोट नसलेल्याच्या पायात होते. गोळी कुणालाच लागली नव्हती, दोघे गारठून गेलेले. कोटवाल्याचे दोन्ही हात भाजलेले, म्योंगबेच्या सदऱ्याच्या चिंध्यांत गुंडाळलेले.

"आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कुणी लावली, तूच सांग."

मी चिडले. बारा वर्षं गिळून बसलीस, आता तरी गावाला खरं सांग, म्हटलं.

"सांगितलं तर कोटातल्या त्या पोराला उकरून फेकतील. म्योंगबेनं त्याच्या अंगात घातलेला कोट मी काढून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी तिनं चारचौघांत सांगितलं की ओढ्याकाठी पुरलेला तो तिच्या बहिणीचा मुलगा, डोंगरात बंडखोरांना मिळालेला. बंडखोराच्या नातलगांना कोण शाळेत ठेवतं? माझी नोकरी आठवड्यात गेली. आईचा मला राग आला, अजून येतो.

ओढ्याकाठची हाडं आम्ही वर आणून गाव म्योंगबेचं म्हणतं त्या थडग्याशेजारी पुरली. मुखिया वारसाच्या कागदावर शिक्का मारायला आले. जाताना त्यांनी मोठ्या थडग्याला गुडघे टेकून नमस्कार केला आणि शेजारच्या ताज्या मातीवर थुंकले.

मी तोंड उघडणार, तोच आईनं माझं मनगट धरलं. ते उतारावरून दिसेनासे झाल्यावर तिनं झग्याच्या टोकानं ती थुंकी पुसली.