गोजराबाईचा अंगठा

आसेगावच्या गोजराबाईचा बैल सरकारी रखवालदाराने तिच्याच शेताच्या धुऱ्यावरून हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातला आणि आज कचेरीच्या आवारात त्याचा लिलाव होता. बाई तरातरा निघाली ती थेट निंबाखालच्या जगदेव अर्जनविसापुढे येऊन बसली. कचेरीतल्या साहेबांना अर्ज इंग्रजीतच लागे.

जगदेवाने झरझर लिहून शाई पुढे केली. "लाव अंगठा."

"आंदी वाचून सांग."

वाचत वाचत तो शेवटाला आला. "युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट. म्हंजे, तुमची लई आज्ञाधारक चाकर."

बाईचं डोकंच फिरलं. नवऱ्याने अर्धी हयात दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून चाकरीत काढली होती. घरचा बैल दावणीला आला तेव्हा कुठे ती चाकरी सुटली. "चाकर? सायबानं मले पाडव्याले सालानं ठेवलं काय? जवारी मोजून देल्ली काय?"

"अवं, रीत हाये ते. देशमुख बी तेच लिवते."

"लिवू दे. माह्यासाठी दुसरं पाय."

जगदेवाने मान खाजवली. "युवर्स फेथफुली. व्यापारी लोक लिवतेत. म्हंजे तुमची इमानी."

"बैल त्यानं कोंडावा आन् इमान म्या राखावं?"

"मंग युवर्स ट्रूली घे. तुमची खरी."

"खरी तं हावोच मी. त्याची काहून?"

जगदेवाने कपाळावर हात मारून घेतला आणि खाली नुसतं लिहिलं, गोजराबाई, आसेगाव. त्यावर बाईने ठसठशीत अंगठा उठवला.

कचेरीत साहेबांनी अर्जाचा शेवट पाहिला आणि त्यांचं तोंड आंबट झालं. राहिलेली चाकरीची ओळ त्यांनी स्वतःच लिहिली, कागद तिच्यापुढे सरकवला. "याच्याखाली अंगठा लाव आणि बैल घेऊन जा."

खिडकीतून बैल दिसत होता. तिचा आवाज ऐकून त्याने कान टवकारले. वासरू होता तेव्हापासून तिच्या हातचं खाऊन वाढलेला. तिने अंगठा शाईत बुडवला, ओळीपर्यंत नेला, आणि लुगड्याला पुसून टाकला.

"करा लिलाव," ती म्हणाली.

तोवर ही गोष्ट आवारभर झाली होती. चपराशाने पुकारा केला. बैल पारखणारे तिथे होते, ज्यांच्या डोळ्यांत तो कधीचा भरला होता तेही होते, आणि आयुष्यभर त्याच ओळीखाली अंगठे उठवत आलेले तर सगळेच होते. दुसरा पुकारा झाला. तिसऱ्याला साहेब स्वतः ओट्यावर येऊन उभे राहिले.

बोलीसाठी कोणीच तोंड उघडलं नाही.