अंगकोरला सोडलेला मास्तर

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी न्हाई. चूक मास्तरची हाय. तरीबी गावात कुनालाबी विचारा, लोक माझ्याकडंच बोट दाखवत्यात. कारन मास्तर गोड बोलतो आन् मी खरं बोलतो.

मी मच्छिंद्र. एसटीत एकतीस वरसं कंडक्टर हुतो. राहुरीच्या आसपास एक फाटा असा न्हाई, जिथं मी डबल बेल दिली न्हाई. आन् मास्तर म्हंजे कृपादान मास्तर, आमच्या हायस्कूलला इतिहास शिकवायचा. चाळीस वरसं आमी रोज संध्याकाळी स्टँडवर एका बाकड्यावर बसतो. मी पेपर मोठ्यानं वाचायचा आन् त्यानं माझ्या चुका काढायच्या. एक चहा, दोन बशा.

ह्या मास्तरच्या कपाटात अंगकोर वाटचं एक चित्र हुतं, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. कंबोडियातलं देऊळ. रिटायर झाल्यावर त्यानं तिकडच्या सहलीत नाव घातलं. त्याची बायको, दयावहिनी, विमानाला भिती, म्हनून मला म्हनला, चल. मी कशाला जातोय! पन आमच्या बनूनं, म्हंजे बनुबाईनं, माझ्या बायकोनं, ऐकलं की जगातलं सगळ्यात मोठं विष्णूचं देऊळ तिकडं हाय. बास. दुसऱ्या दिवशी ती पासपोर्टच्या फोटोला पदर नीट करून बसली हुती.

आमी बावीस जन गेल्तो, सगळे नगर जिल्ह्यातलेच. आता बावीस मानसं बसमधी चढत-उतरत असताना मी गप बसनार व्हय? तिकडच्या गाईडला मोजता येत न्हाई असं न्हाई, पन तो बोटानं मोजायचा आन् मधीच हसायचा. मी दारात उभा ऱ्हायलो, खिशातला जुना तिकिटाचा पंच काढला आन् दांडीवर टकटक केलं. "चला, आत सरका. मधी जागा हाय." दुसऱ्या दिवशी गाईड माझ्याकडं बघून गाडी सोडायला लागला.

पन प्रत्येक ठिकानी मोजलं की एकवीस. कोन कमी? मास्तर!

राजाच्या वाड्यात चांदीच्या फरशीवर उकिडवा बसून तो फरशी बघत हुता. एका देवळाच्या भिंतीवर झाडानं मुळ्या सोडल्यात, एकेक मूळ बैलाच्या मानंएवढं, तिथं तो झाड जुनं का भिंत जुनी म्हनून एका फ्रेंच म्हाताऱ्याशी वाद घालत हुता. बायोन म्हनून देऊळ हाय, तिथं दगडात कोरलेले मोठमोठे चेहरे, सगळे गालातल्या गालात हसनारे. आमचा डेपो मॅनेजर रजेचा अर्ज बघून असाच हसायचा. बनू प्रत्येक चेहऱ्याला हात जोडत गेली. चार दिशांना चार तोंडं, त्यामुळं ती गोल गोल फिरत हुती. तिची चक्कर उतरली तरी मास्तर यायचं नाव न्हाई.

"मास्तर, तुझ्यापायी गाडी लेट होती!" मी म्हनलं.

"मच्छिंद्र, हे देऊळ आठशे वर्षं इथं उभं आहे. तुझी गाडी दहा मिनिटं थांबली तर काय बिघडलं?" असा त्याचा गोडवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात.

शेवटी अंगकोर वाटला गेलो. खोटं कशाला बोलू, बघून मीबी घटकाभर मोजायचं इसरलो. केवढं ते देऊळ! भवती पान्यानं भरलेला खंदक, आपल्याकडं अर्धा तालुका भिजंल एवढा. आत जातानाच दरवाज्यात आठ हातांचा विष्णू उभा हाय, दीड-दोन मानूस उंच, भगवं वस्त्र नेसवलेलं. बनूनं त्याला नमस्कार केला आन् मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "काशीला गेल्यावर आपन आवडती वस्तू सोडतो का न्हाई? मग हितंबी सोडायची. एवढ्या लांब आलोय. भायेर निघताना देवाम्होरं बोलून जायचं."

आता काशीला लोक काय सोडत्यात ते मला ठाऊक हाय. आयुष्यात कधी खाल्लं न्हाई ते. हितंबी तेच. नेवाशाच्या एका गृहस्थानं कारलं सोडलं. हिवऱ्याच्या एका बाईनं सुरन सोडला. मी दोडका सोडायचं ठरवलं हुतं. दोडक्याचं आन् माझं लहानपनापासून जमत न्हाई.

निघायची येळ झाली. मोजलं. एकवीस.

मी त्या उन्हात सबंध देऊळ पालथं घातलं. मास्तर कुठं सापडावा? आतल्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय, एका अंगाला राक्षस, दुसऱ्या अंगाला देव, मधी वासुकी नाग दोरीसारखा. त्याच्याम्होरं मास्तर वही घेऊन बसला हुता आन् देव मोजत हुता.

"मच्छिंद्र, तू ओरडलास आणि माझे एकाहत्तर देव चुकले. आता पहिल्यापासून."

पहिल्यापासून! तिकडं वीस मानसं उपाशी खोळंबलेली, आन् हा पहिल्यापासून! मी त्याच्या दंडाला धरून ओढत आनला. डोक्यात नुसता जाळ झाल्ता. दरवाज्यात बनू हात जोडून उभी, डोळे मिटलेले. "अवो, बोला लवकर. काय सोडलं?"

दोडका ओठावर हुता, देवाशपथ सांगतो. पन तोंडातनं निघालं, "ह्या मास्तरला सोडलं! जन्मात ह्याचं तोंड बघनार न्हाई!"

बनूनं डोळे उघडले. गाईडला मराठी येत न्हाई, पन त्याचंबी हसनं थांबलं. मास्तरनं वही मिटली, चष्मा पुसला आन् बसमधी जाऊन शेवटच्या शिटावर बसला. बनू हळूच म्हनली, "झालं. देवानं ऐकलं." आन् बसमधी खिडकीकडं तोंड करून बसली.

राग माझा तासाभराचा असतो. रात्रीपर्यंत उतरलाबी. मी मास्तरकडं निघालो तर बनू आडवी. "खबरदार. देवाम्होरं सोडलेली वस्तू परत घेत न्हाईत." म्हनलं, अगं तो वस्तू हाय का? तर म्हनं, "तुमी सोडलाय ना? मग झाली वस्तू."

गावाकडं आल्यावर तर कहर. स्टँडवर आमी दोघं पाठीला पाठ लावून दोन बाकड्यांवर बसायला लागलो. तोंड बघायचं न्हाई ना! मधी गोरक्षनाथ चहावाला.

"गोरख, त्यांना इचार, गुडघा कसा हाय."

"मास्तर, गुडघा कसा हाय?"

"सांग, बरा आहे. आणि विचार, बीपीची गोळी घेतली का."

चार दिवसांनी गोरक्षनाथ म्हनला, "मला दूध उतू चाललंय ते बघू का तुमचा निरोप?" आन् त्यानं सरळ हात जोडले. मी पेपर मोठ्यानं वाचायचो, मुद्दाम चुकीचा. मागनं काई आवाज यायचा न्हाई. मला करमंना हो. चहा पुरा एक कप माझ्या एकट्याच्या वाट्याला यायचा, आन् तो जातच नव्हता. मी गहिनीनाथ बुवांना गाठलं, आमच्या भजनाचे म्होरके. त्यांनी इचार करून सांगितलं, "सोडलं तिथंच जाऊन परत मागून आना." पोराला, रविराजला, फोन केला. तो म्हनला, "दादा, मास्तरांशी बोलायला परत कंबोडियाला जानार? ते शेजारच्या गल्लीत राहत्यात."

मग बनूनं मावंदं काढलं. यात्रा करून आलं की गावाला जेवू घालायचं, ही आपली रीत. रविवार धरला. लापशी, आमटी, भात. मास्तरलाबी बोलावनं गेलं, कारन संगं गेलेला मानूस जेवला न्हाई तर यात्रा पुरी होत न्हाई. मला बनूनं बजावलं, "त्यांच्या पानात वाढायचं, पन वर बघायचं न्हाई."

मास्तर चर्चमधनं सरळ आला, पांढरा सदरा घालून, दयावहिनी बरोबर. पानावर न बसता तो बनूम्होरं उभा ऱ्हायला.

"वहिनी, एक कायद्याचा मुद्दा आहे. सोडलेली वस्तू कोण? मी. मी कोण? ख्रिस्ती. मग नियम वस्तूच्या धर्माचा लागणार. आमच्यात ईस्टरच्या आधी आवडती गोष्ट सोडतात, ती चाळीस दिवस. जन्मभर नाही. आणि त्या चाळीसांत रविवार धरत नाहीत. आज रविवार आहे. आज तरी मला याच्याशी भांडू द्या."

पंगतीत हसू फुटलं. गहिनीनाथ बुवांनी मान डोलावली, म्हनले, मुद्दा बिनतोड हाय. मी डोळे वर करायच्या बेतात हुतो. तेवढ्यात बनूनं आमटीची पळी पातेल्यात आपटली.

"मास्तर, तुमचा कायदा बरोबर असंल. पन मला एक सांगा. तिथं काय सोडायचं हुतं? आवडीची गोष्ट. सगळ्यांनी खोटं सोडलं. कुनी कारलं, कुनी सुरन. ह्यांच्या एकट्याच्या तोंडातनं खरं निघालं. बेचाळीस वरसं ह्यांना भाकरी मी थापून घालते. गाडी लेट झाली की दाराशी मी उभी. आन् देवाम्होरं नाव कुनाचं आलं? मास्तरचं! माझं न्हाई!"

 माझ्या हातातली लापशीची बादली तशीच. म्हंजे एवढे दिवस हिनं मास्तरला लांब ठेवला तो देवासाठी न्हाई! आन् माझ्या टाळक्यात कधी उजेड पडावा?

"अगं येडे," मी म्हनलं, "तुला कसं सोडायचं?"

"सोडलं असतं तर मला कळलं तरी असतं!"

आता अशा येळी शहान्या मानसानं गप बसावं. पन मी बोललो. अख्ख्या गावाम्होरं बोललो, "मग तुलाबी सोडलं! मास्तरच्या कायद्यानं, चाळीस दिवस!"

बनूनं पदर तोंडावर धरला. रडती का काय म्हनून मी बादली खाली ठेवली, तर बया हसत हुती. तरन्या पोरीसारखी लाजून हसत हुती, तेबी पंगतीत. आन् सोमवारी सकाळी पिशवी भरून पोरीकडं, रुपालीकडं, नेवाशाला निघून गेली. दारातनं म्हनली, "सोडलं म्हंजे सोडलं. मास्तर घ्या परत, पीठ डब्यात हाय."

आज अठ्ठाविसावा दिवस. भाकरी मी थापतो, मास्तर भाजतो. माझ्या भाकरीच्या आकाराला तो नकाशातली नावं देतो, ही श्रीलंका झाली, हा आफ्रिका झाला, आन् आमी खातो. दिवसभर बोलतो, भांडतो, मास्तर मला परत मिळाला. पन संध्याकाळी घरात शिरलं की चुलीकडं बघवत न्हाई. रविवार मात्र नियमात धरत न्हाईत. मी शनवारीच दाढी करून, धुतलेला सदरा उशाला घेऊन झोपतो, आन् नेवाशाची पहिली गाडी धरतो.