वरमाईची जागा

सोनपेठच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली की आधी पिशव्या चढतात, माणसं मागून. धुरपताबाईंनीही रिवाजाप्रमाणे खिडकीतून पिशवी आत भिरकावली. नेम पक्का. खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या माणिकरावांच्या नाकासमोरून ती ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवर नेमकी पडली. पिशवीत दुपटी-टोपडी होती. परभणीच्या दवाखान्यात लेक राजेश्री बाळंत झाली होती, पहिलटकरीण, आणि आज नातवाचं तोंड बघायचं होतं.

रेटारेटी करून त्या सीटपाशी पोचल्या, तर त्यांच्या पिशवीवर दुसरीच पिशवी. धुरपताबाईंनी पदर खोचला. ज्याची पिशवी खाली त्याची जागा, हा कायदा स्टँडवरचं शेंबडं पोरही जाणतं. भांडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. वरच्या पिशवीची मालकीण समोर उभी होती. कुसुमबाई, राजेश्रीची सासू.

लग्नाच्या गडबडीत वरमाईला खुर्ची द्यायची राहून गेली होती. कुसुमबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या, चकार शब्द बोलल्या नाहीत, पण त्यानंतर व्याह्यांचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. आता बारसं धुरपताबाईंच्या घरी होणार. बापाकडची आजीच आली नाही तर लेकीला जन्माची बोच राहील, ही एकच काळजी धुरपताबाईंना खात होती.

"बसा, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

"पिशवी तुमची खाली हाय," कुसुमबाई खिडकीबाहेर बघत बोलल्या. "फुकटचा मान मला नगं."

गाडी सुटली. गुडघे दोघींचेही कुरकुरत होते, पण दोघी दांडीला धरून उभ्या, आणि पिशव्या मात्र ऐसपैस बसलेल्या. कंडक्टर रेणुकाताई तिकिटं फाडत आल्या.

"मावशी, कुणीतरी एक बसा. भरल्या गाडीत मोकळी सीट मला बघवंना."

"न्हाईतर पिशव्यांचं बी तिकीट फाडा," माणिकरावांनी मिशीत हसत सुचवलं.

धुरपताबाईंनी ठरवलं, आता लाजून भागायचं नाही. सगळ्या गाडीदेखत त्या म्हणाल्या, "लग्नात माझं चुकलं. मांडवभर हिंडले, पण तुमाला बसा म्हणायचं राहिलं. लय वाईट वाटतंय अजून. आज चारचौघांत म्हणते, बसा."

कुसुमबाई दोन्ही पिशव्या उचलून मांडीवर घेत बसल्या. मग माणिकरावांना म्हणाल्या, "सरका की बाबा जरा," आणि धुरपताबाईंना दंडाला धरून खाली ओढलं. दोघांच्या सीटवर तिघं. अर्ध्या धुरपताबाई बाहेरच होत्या, पण इतकं सुख त्यांना कधी गादीवरही लाभलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं कुसुमबाईंनी विचारलं, "बारसं कवा धरलंय?"

धुरपताबाईंचा पदर डोळ्यांना गेला.

"विहीणबाई इचारायल्यात, सांगा की," माणिकराव म्हणाले.

"तुमी म्हणाल तवा."

"मग मी आदल्या दिशीच येते. पाळणा मी सजवणार."

परभणी येईपर्यंत अर्ध्या गाडीला बारशाचं आवतण गेलं होतं, आणि रेणुकाताईंना तर दोघींनी वेगवेगळं दिलं.