मासे धरण्याची सहल

नेब्रास्कातल्या एल्डन गावच्या शाळेचा वाचनवर्ग बंद होणार असं पत्र आलं, त्याच दिवशी शाळेत केक वाटला जात होता. राज्याच्या परीक्षेत शाळा पहिली आली होती. पत्रात लिहिलं होतं, निकाल उत्तम असल्याने वाचनात कच्च्या मुलांसाठीची मदत थांबवत आहोत.

बसचालक वर्लिनने केकला हात लावला नाही. तो वर्ग त्याच्या बायकोने, ऑर्फाने, एकोणीस वर्षं चालवला होता. जानेवारीत ती गेली. आता तिचं कामही गेलं, आणि त्यात वर्लिनचाही हात होता.

निकाल चांगला दिसावा म्हणून परीक्षेच्या दिवशी कच्ची मुलं 'आजारी' दाखवायची आणि वर्लिनने त्यांना तळ्यावर मासे धरायला न्यायचं, ही एल्डनची रीत. आईबाप डबे बांधून देत. ऑर्फा एकटी भांडायची.

"मुलं लपवता? लाज नाही वाटत?"

"मी नुसती बस हाकतो," वर्लिन म्हणायचा.

पुढच्या एप्रिलात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, शाळेचा प्रमुख हॅस्केट बसपाशी आला. दोघे लहानपणी एका वर्गात होते.

"यंदा अकरा आहेत. दुपारी तीनच्या आत परत आणू नकोस."

"बरं," वर्लिन म्हणाला.

सकाळी त्याने घरोघरून मुलं घेतली. गळ, डबे, नुसता गलका. फाट्यावर त्याने बस शाळेकडे वळवली.

"आजोबा, डुलकी लागली का? तळं तिकडं!" दहा वर्षांची टेसा ओरडली.

"आज मोठा मासा धरायचाय, पोरी."

दारात हॅस्केट पांढराफटक पडला. "डोकं फिरलंय का तुझं? शाळा बुडेल!"

"बुडू दे. ऑर्फाचा वर्ग बुडाला तेव्हा तू केक खात होतास." राज्याकडून आलेली तपासनीस बाई मागेच उभी होती. तिला ऐकू जाईल असं वर्लिन म्हणाला, "मोजून घ्या, बाई. अकरा. एकही आजारी नाही."

हॅस्केटचं तोंड पाहून त्याला फार गोड वाटलं. दुपारपर्यंतच. टेसाने खोडून खोडून परीक्षेचा कागद फाडला होता. "माझं हसं केलंत," एवढंच म्हणून ती बसच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

निकालात एल्डन शेवटचं आलं. हॅस्केटची खुर्ची गेली, वर्लिनची बस गेली. त्याचं त्याला दुःख नाही. मदतही पुन्हा मंजूर झाली. पण त्या तुटपुंज्या पगारावर इतक्या लांब यायला कोणी शिक्षिका तयार नाही.

अकरा मुलांना अजून वाचता येत नाही.